दुरुस्तीची चिठ्ठी

सभागृहाचं कामकाज अकराला सुरू व्हायचं, पण कुंदा गोतमारे पावणेअकरालाच वरच्या काचेच्या खोलीत येऊन बसायची. खोली कसली, दोन माणसांचं कपाटच ते. दोन खुर्च्या, दोन मायक्रोफोन, पाण्याची बाटली आणि काचेपलीकडे खाली पसरलेली देशाची संसद. बावीस वर्षं ती इथे दुभाषी होती. इतरांची भाषणं मराठीत आणायची, मराठी भाषणं हिंदीत न्यायची. दुभाष्याला मत नसतं, राग नसतो, आणि बोलायचं ते सगळं ‘मी’ म्हणून. समोरचा म्हणाला, मी राजीनामा देतो, तर दुभाषी बाईनेही म्हणायचं, मी राजीनामा देतो. कुंदाने आजवर असे अकरा राजीनामे दिले होते आणि संध्याकाळी घरी जाऊन मुकाट्याने कुकर लावला होता.

नोकरीला लागताना तिने शपथ घेतली होती, पदरचं काही घालणार नाही आणि ऐकलेलं काही गाळणार नाही.

तिने बटण दाबलं. “मराठी वाहिनी, चाचणी. आवाज येतोय का?”

“येतोय, दुभाषी बाई,” कानातल्या यंत्रात खर्जातला आवाज आला. “खोकला कसा आहे?”

“बरा आहे.”

“बरा कुठला? काल भाषणं चालू असताना सहादा खोकलात. ज्येष्ठमध धरा तोंडात.”

“धरते,” कुंदा म्हणाली.

सभागृहात ‘दुभाषी बाई’ आणि घरी ‘कुंदा’ हा विश्वंभर गोतमाऱ्यांचा नेम होता. पैनगंगा मतदारसंघातून तीनदा निवडून आलेले खासदार, आणि तिचे यजमान. त्यांना जाऊन चौदा महिने झाले होते.

खाली आसन क्रमांक दोनशे सतरावर एक काळी पेटी होती, शिलाई मशीनच्या झाकणाएवढी. सभागृहाचा म्हातारा शिपाई रोज सकाळी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवायचा आणि संध्याकाळी तो तसाच भरलेला उचलून न्यायचा. गोतमारेसाहेबांना तो इतकी वर्षं पाणी देत आला होता. आता बंद कर, असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचा त्याला धीर झाला नव्हता.

पेटीची हकिगत अशी. गोतमाऱ्यांना घशाचा कर्करोग झाला. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. अशा रुग्णांसाठी तेव्हा एक नवी सोय निघाली होती. माणूस बोलतो त्याच्या क्षणभर आधी मेंदूत बोलण्याची जुळवाजुळव होते. कुठला शब्द घ्यायचा, कुठला गिळायचा, कुठे आवाज चढवायचा, ते सगळं तिथे ठरतं. मेंदूच्या त्या भागावर केसाहून बारीक तारांची जाळी बसवली की ही जुळवाजुळव विजेच्या खुणांमधून वाचता येते. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या पाच आठवडे आधीच जाळी बसवली. गोतमारे बोलत राहायचे आणि यंत्र खुणांचा व शब्दांचा मेळ घालत राहायचं. जोडीला त्यांची तीस वर्षांची भाषणं, समित्यांच्या बैठका, फोन असं सगळं होतंच. पाच आठवड्यांनी यंत्राला एवढं साधलं, की प्रश्न कानावर पडला की गोतमारे काय म्हणतील हे ते गोतमाऱ्यांच्या आधी सांगू लागलं. शंभरात चौऱ्याण्णव वेळा ते बरोबर निघायचं.

ज्याच्यासाठी हा खटाटोप केला, त्याला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झाला, जाळी काढावी लागली, आणि शेवटचा दीड महिना गोतमारे पाटीवर लिहून बोलले. पण यंत्र शिकून बसलं होतं. आणि नुकताच नवा कायदा झाला होता. सदस्य मुदतीच्या मध्येच गेला, तर पोटनिवडणुकीऐवजी असं यंत्र मुदत संपेपर्यंत त्याच्या जागी बसवता येणार होतं. त्याला म्हणायचं प्रतिसदस्य. जवळच्या नातेवाइकाची लेखी संमती तेवढी हवी. देशभरातून अशी संमती एकाच घरातून आली होती.

जागा रिकामी झाली नाही, म्हणून सभागृहात गोतमाऱ्यांचा शोकप्रस्ताव झाला नाही. बावीस वर्षांत कुंदाने कितीतरी गेलेल्या सदस्यांचे शोकप्रस्ताव मराठीत आणले होते, दोन मिनिटं उभी राहिली होती. नवऱ्यासाठी मात्र सभागृह उभं राहिलं नाही. कागदोपत्री तो गेलेलाच नव्हता.

पेटीलाही ते ठाऊक नव्हतं. कोणी आत ढवळाढवळ करू नये म्हणून ती मोहोरबंद होती, बाहेरच्या जगाशी तिला तार नव्हती. तिला एकच कान होता, तो मराठी वाहिनीचा. आपण कुठे आहोत, कसे आहोत, हा प्रश्न तिला पडत नसे. स्वप्नात आपल्याला पाय आहेत का, हे आपण तरी कुठे वाकून बघतो? शस्त्रक्रिया झाली, बरे झालो, कामाला लागलो, एवढीच तिची समजूत होती. ती समजूत मोडली तर काय होईल, हे बनवणाऱ्यांनाही सांगता येत नव्हतं. म्हणून प्रतिसदस्य कक्षाचा मुख्य अभियंता निनाद अभ्यंकर याने कुंदाच्या टेबलावर शब्दांची यादी चिकटवली होती. निधन, दिवंगत, कैलासवासी, पश्चात. आसन दोनशे सतराच्या संदर्भात हे शब्द आले की ते गाळायचे. दुभाष्यांच्या टेबलावर एक बटण असतं. खोकला आला की ते दाबून धरायचं, म्हणजे आवाज खाली जात नाही. कुंदाला खोकला कधी नव्हताच. ती ते बटण दाबत होती.

त्या दिवशी मार्चमधलं साधंच ऊन होतं, पण सभागृह खचाखच भरलं होतं. प्रतिसदस्य मुदतवाढ विधेयक मताला येणार होतं. ते संमत झालं, की प्रतिसदस्याला पुढच्या मुदतीतही बसवता येणार होतं, आणि त्याच्या पुढच्याही. पक्षाला हवा तितका काळ.

अकराला पाच मिनिटं असताना अभ्यंकर डोकावून गेला होता. “मॅडम, प्रतोद म्हणतात, आकडा अगदी काठावर आहे. दोनशे सहासष्ट विरुद्ध दोनशे पासष्ट. आज यादी तेवढी सांभाळा.”

“बाजूच्या दोनशे सहासष्टांत हे धरलेत का?” कुंदाने विचारलं.

“साहेबांचं मत धरूनच.” तो जरा घुटमळला. “पक्षाच्या विधेयकाविरुद्ध ते कधी गेले नाहीत. तुम्हाला माहीतच आहे.”

तिला माहीत होतं. आणखीही एक गोष्ट माहीत होती, जी त्या पेटीला नव्हती. जाण्याच्या चार दिवस आधी पक्षाचे लोक दवाखान्यात येऊन नव्या कायद्याचं गोड गोड बोलून गेले. ते गेल्यावर गोतमाऱ्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, ‘माझ्यामागे पेटी नको. सही करू नकोस.’ तिने मान हलवली, आणि ओल्या फडक्याने पाटी पुसली. मग तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अभ्यंकर पेटी घेऊन घरी आला. नुसतं ऐका, म्हणाला. पेटी म्हणाली, “कुंदा, चहा टाकतेस का?” आणि कुंदाने सही केली. तिने ती देशासाठी केली नव्हती, पक्षासाठीही केली नव्हती. तो आवाज पुन्हा ऐकायला मिळावा एवढ्या एका लोभापायी तिने नवऱ्याचा शेवटचा शब्द मोडला होता. तेव्हापासून तिला नीट झोप नव्हती.

दुपारी बारा वाजता एका दुरुस्तीवर मतदान झालं. अध्यक्षांनी प्रस्ताव मताला टाकला, होय आणि नाही यांचा एकच गलका झाला, विरोधकांनी मतविभाजन मागितलं. घंटा वाजली, लॉबी मोकळी केली, दारं बंद झाली. भिंतीवरच्या फलकावर दिवे उमटले. दोनशे सतराचा हिरवा दिवा नेहमीसारखा सगळ्यांत आधी लागला. गोतमारे जिवंतपणीही असेच होते. एकदा ठरलं की ठरलं, मग बोट रेंगाळायचं नाही. निकाल वाचताना अध्यक्ष नेहमीचं वाक्य म्हणाले, “दुरुस्तीच्या अधीन राहून मतविभाजनाचा निकाल असा.” कारण दर वेळी कोणीतरी चुकीचं बटण दाबतंच. मग तो सदस्य चिठ्ठी लिहितो, माझं मत असं नव्हतं, असं होतं. चिठ्ठी टेबलावर पोचली की आकडा बदलतो. विश्वंभर गोतमाऱ्यांनी बारा वर्षांत अशी एकही चिठ्ठी लिहिली नव्हती, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

जेवणानंतर चर्चा रंगली. कोणी अनुभवाच्या ठेव्याची महती गायली, कोणी पोटनिवडणुकीचा वाचलेला खर्च सांगितला. चारच्या सुमारास केरळच्या एलिकुट्टी वर्गीस उठल्या. सत्तरीच्या, बारीक चणीच्या, विरोधी बाकावरच्या. त्या इंग्रजीत बोलत होत्या आणि कुंदा त्यांना मराठीत आणत होती.

“अध्यक्ष महोदय, माझा प्रश्न साधा आहे,” कुंदा म्हणत होती. “कोणाचंही नाव पुढे चालवायचं, तर आधी त्याला विचारतात. या सभागृहात एक सदस्य आहेत.”

आणि पुढचं वाक्य आलं. कुंदाचं बोट सवयीने बटणावर गेलं. शेजारी बसलेले प्रभुणे, तिचे जोडीदार दुभाषी, यादीकडे बघत होते. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं गोतमारे नेहमी म्हणायचे. आणि ती चौदा महिने टोपलीवर बसून होती. आज हे विधेयक संमत झालं, तर तिच्या निवृत्तीनंतरही, तिच्यामागेही, कोणीतरी या खुर्चीत बसून खोकत राहणार होतं. तिने बोट उचललं.

“पैनगंगेच्या त्या सदस्यांचं निधन मागच्या वर्षी दहा जानेवारीला झालं,” ती म्हणाली. “चौदा महिने ते मतं देत आहेत. आपण गेलो आहोत, हे त्यांना कोणी सांगितलं आहे का?”

प्रभुण्यांनी कपाळाला हात लावला. खाली वर्गीसबाईंचं भाषण पुढे चालू होतं, पण दोनशे सतरासमोरचा लाल दिवा लागला. बोलायची परवानगी मागितली होती.

“हरकतीचा मुद्दा, अध्यक्ष महोदय,” पेटी म्हणाली. “सन्माननीय सदस्यांनी पैनगंगेचा उल्लेख केला. पैनगंगेचा सदस्य मी आहे. माझी शस्त्रक्रिया नोव्हेंबरात झाली. त्यानंतरच्या दीड महिन्याचं मला नीटसं आठवत नाही, हे खरं. मला एवढंच विचारायचं आहे. मी गेलो आहे का?”

सभागृहातल्या बहुतेकांना मराठी कळत नव्हतं. सगळे कानातल्या हिंदीची वाट बघत होते. आणि दुभाष्याने बोलायचं ते ‘मी’ म्हणूनच.

“अध्यक्ष महोदय,” ती हिंदीत म्हणाली, “क्या मैं गुज़र चुका हूँ?”

पाचशे माणसं होती, आणि वातानुकूलन यंत्राचा आवाज ऐकू येत होता. अध्यक्ष म्हणाले, “माननीय सदस्य बैठ जाएँ.” कुंदाने ते मराठीत सांगितलं.

“बसतो, महोदय,” पेटी म्हणाली. “पण मी उभा आहे का, हेच मला कळेनासं झालंय.”

प्रतोद हातवारे करत उठले. अध्यक्षांनी त्यांना बसवलं. अध्यक्ष तसे सरळ मनाचे गृहस्थ. गोतमाऱ्यांबरोबर त्यांनी दहा वर्षं एका समितीत काढली होती. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, “हाँ, गोतमारेजी.”

“होय, गोतमारेजी,” कुंदा म्हणाली. हे तिलाच सांगावं लागलं.

शिपाई दाराशी उभा होता, त्याने टोपी काढली. मग तो खर्जातला आवाज पुन्हा आला, जरा हळू, पण ठाम.

“मग या विधेयकात माझा हितसंबंध आहे. कुक्कुटपालनाच्या अनुदानावर मतदान होतं, तेव्हा माझ्या भावाच्या कोंबड्या होत्या, म्हणून मी बाहेर गेलो होतो. हा तर साक्षात माझाच प्रश्न. मी मत देणार नाही. मला कोणीतरी बाहेर न्यावं.”

प्रतोदांची पाचावर धारण बसली. पण चर्चेची वेळ संपली होती, मतविभाजनाची मागणी झाली होती, आणि घंटा वाजू लागली. साडेतीन मिनिटं ती वाजते, मग दारं बंद. मार्शल पुढे आले आणि थबकले. सभागृहात सदस्याला मार्शलने अध्यक्षांच्या हुकुमाशिवाय हात लावायचा नसतो, आणि अध्यक्ष काहीच बोलत नव्हते. पेटी ही सदस्य होती. कायद्यानेच तिला तसं केलं होतं. आता कायदाच आडवा आला.

शेजारच्या बाकावरचे त्रिलोचन बेहेरा उठले. ओडिशाचे, गोतमाऱ्यांच्याच पक्षाचे. बारा वर्षं दोघं शेजारी बसले होते आणि मोडक्या हिंदीत एकमेकांना पानसुपारीचं विचारत आले होते. पेटी आल्यापासून बाकीच्यांनी त्या बाकावर बसायचं टाळलं होतं, बेहेऱ्यांनी टाळलं नव्हतं. त्यांनी वायर काढली आणि पेटी काखेत घेतली.

“चलिए भाई,” ते म्हणाले. “बाहर चलते हैं.”

“बेहेराजी, आपका वोट!” प्रतोद ओरडले. बेहेऱ्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

कुंदाने कानातलं यंत्र प्रभुण्यांच्या हातात दिलं आणि जिना उतरली. बावीस वर्षांत ती चालू कामकाजातून कधी उठली नव्हती. बाहेरच्या लॉबीत ती पोचली, तेव्हा मागे दारं बंद होत होती. बेहेऱ्यांनी पेटी बाकावर ठेवली, तिला नमस्कार केला आणि दूर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. अभ्यंकर धापा टाकत आला. कुंदाला वाटलं, आता हा पेटी उचलून पळणार. त्याने पेटीच्या मागचं एक लहान झाकण उघडलं.

“हा तपासणीचा माइक. यातून तुमचं ऐकू जाईल,” तो म्हणाला. “बॅटरी सहा मिनिटं आहे. ती संपली की मोहोर तुटते. पुन्हा सुरू करायचं तर नव्याने तुमची सही लागेल.” एवढं बोलून तोही बाजूला झाला.

कुंदा बाकावर टेकली. “अहो,” ती म्हणाली.

“कुंदा.” सभागृहाच्या आवारात त्यांनी तिला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. “आज तू खोकली नाहीस.”

“नाही.”

“म्हणजे खोकला नव्हताच.”

“नव्हता.”

ते रागावले असते, तर कुंदाला बरं वाटलं असतं.

“संमती मी दिली होती?” पेटीने विचारलं.

“तुम्ही पाटीवर लिहिलं होतं, पेटी नको, सही करू नकोस. मी पाटी पुसली, आणि तुम्ही गेल्यावर सही केली.” तिला रडू आलं. “मला तुमचा आवाज हवा होता. दुसरं काही नाही. चूक झाली माझी.”

“किती मतं झाली तेव्हापासून?”

“एकशे शहाऐंशी.”

“एकशे शहाऐंशी,” पेटीने म्हटलं. “आणि मी म्हणायचो, गोतमाऱ्याच्या मताला कधी दुरुस्ती लागली नाही.” “कागद आहे?”

दुभाष्याकडे कागद नसेल असं होत नाही. तिने वही उघडली.

“लिही. आसन क्रमांक दोनशे सतरा. मागच्या वर्षीच्या दहा जानेवारीपासून आजपर्यंतची सर्व मतविभाजनं. या आसनाच्या नावे नोंदलेली मतं चुकीने नोंदली गेली आहेत. ती वगळावीत. सदस्य सभागृहात हजर नव्हते.”

तिने लिहिलं. शेवटचा शब्द लिहिताना पेन अडखळलं. पेटीवरचा हिरवा दिवा पिवळा झाला होता.

“सही कोणाची घालू?” तिने विचारलं.

“तुझी. माझी कुठून आणणार?” आवाज आता दूर गेल्यासारखा येत होता. “त्या वेळी नको म्हटलं होतं. या वेळी कर.”

तिने सही केली. कुंदा विश्वंभर गोतमारे, असं पूर्ण नाव लिहिलं.

“केली,” ती म्हणाली. “आवाज येतोय का?”

उत्तर आलं नाही. दिवा विझला होता. तिने पेटीवर हात ठेवला, ती अजून कोमट होती.

शंभरात चौऱ्याण्णव वेळा बरोबर. ‘या वेळी कर’ हे त्या चौऱ्याण्णवांतलं होतं की उरलेल्या सहांतलं? तिला ऐकायचं होतं तेच तिने ऐकलं, असं तर नाही ना? मागच्या वेळीही असंच झालं होतं. हे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि त्याने जे काय सांगायचं ते पाटीवर लिहून ठेवलं होतं. ते तिनेच पुसलं होतं. हे आता जन्मभर असंच राहणार होतं.

अभ्यंकर जवळ आला. त्याच्या हातात संमतीचा एक छापील अर्ज होता, पण त्याने तो पुढे केला नाही.

लॉबीतल्या ध्वनिवर्धकातून अध्यक्षांचा आवाज आला. “दुरुस्तीच्या अधीन राहून मतविभाजनाचा निकाल असा. बाजूने दोनशे चौसष्ट. विरोधात दोनशे पासष्ट. प्रस्ताव नामंजूर झाला आहे.” पाठोपाठ प्रभुण्यांची मराठीही ऐकू आली, एकही शब्द न गाळता.

दारं उघडली. गलका बाहेर आला. कुंदा उठली, वहीचं पान फाडून तिने त्याची चौकोनी घडी घातली. दाराशी म्हातारा शिपाई होता. त्याच्या हातात सकाळचा पाण्याचा पेला होता, भरलेला.

“टेबलावर द्यायची आहे का, बाई?” त्याने चिठ्ठीकडे बघून विचारलं. “कोणाकडून म्हणून सांगू?”

“दोनशे सतरा,” कुंदा म्हणाली. “सांगा, सदस्य हजर नव्हते.”